लाटेला सातबारा नसतो

नगर जिल्ह्यात काय नाही, असे विचारले तर नगरचा माणूस आधी काय काय आहे ते सांगतो. क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, राज्यातले सर्वांत उंच शिखर, शिर्डीचे साईबाबा, शिंगणापूरचे शनिदेव, नेवाशाचा ज्ञानेश्वरीचा खांब आणि मोजता मोजता बोटे संपतील इतके साखर कारखाने. यादी संपली की आवाज थोडा खाली येतो आणि समुद्र तेवढा नाही, अशी कबुली मिळते. कागदोपत्री जिल्हा आता अहिल्यानगर झाला, तोंडात अजून नगरच आहे. पण कोणत्याही नावाने हाक मारली तरी समुद्र काही आलेला नाही. तरीही अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाल्याची बातमी आली रे आली, की पाथर्डीपासून श्रीगोंद्यापर्यंत फोनाफोनांत लाटा उसळू लागतात. ज्या गावात पाण्याचा शेवटचा मोठा आवाज टँकरच्या नळीचा ऐकलेला असतो, तिथे पारावर बसून मंडळी मरीन ड्राइव्हच्या भिंतीवरून उडालेले पाणी बोटांनी मोठे करून पाहतात आणि 'काय अवतार धारण केलाय बघा' म्हणत पुढच्याला पाठवतात. या फोटोंचा पगडा असा बसला आहे की ताजे हवामान मुंबई-अलिबागला मिळते आणि आपल्याकडे येते ते उरलेसुरले, अशी नगरकरांची समजूत झाली आहे. समजूत खोटी तर आहेच, शिवाय नेमकी उलटी आहे. समुद्री वादळाचा खरा फोटो समुद्रावर निघत नाही. तो काढायचा तर नगर जिल्ह्यात यावे लागते. हे विधान ऐकून मालवणचा माणूस हसेल. त्याने जरूर हसावे, पण पुरावा ऐकून मग.

आधी लाटेचीच उलटतपासणी करू, कारण वादळाच्या फोटोत साक्षीदार म्हणून बहुधा तीच उभी असते. मुंबईत दर पावसाळ्याआधी मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी जाहीर होते. साडेचार मीटरच्या वर पाणी कोणत्या दिवशी चढणार, किती वाजून किती मिनिटांनी चढणार, सगळे त्यात असते. सप्टेंबरची लाट जूनच्या आतच ठरलेली असते. फोटोवाले ही यादी लग्नाच्या मुहूर्तांसारखी जपून ठेवतात. आता जी गोष्ट तीन महिने आधी मिनिटासकट सांगता येते, तिला हवामान कसे म्हणावे? हवामान खात्याला उद्या दुपारचे सांगतानासुद्धा 'तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम' असा आडोसा घ्यावा लागतो. भरती चंद्राच्या हातात आहे. किनाऱ्यावरच्या जाणत्यांचा हिशेब तर यादीहूनही सोपा: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढेमागे. म्हणजे ज्या फोटोखाली 'निसर्गाचे रौद्र रूप' असे लिहिलेले असते, त्याची वेळ स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेत, दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी छापलेली असते. उरलेले काम भिंत करते. तीच लाट सपाट वाळूवर येते तेव्हा फेसाळते आणि मुकाट परत जाते. समोर भिंत आणि सिमेंटचे ठोकळे आले की मात्र ती उंच उडते. वाऱ्याचा हात त्यात नसतोच असे नाही. पावसाळ्यात दूरवरच्या वाऱ्याने उठवलेली उसळ भरतीच्या पाठीवर बसून येते. पण फोटोत चंद्र किती, भिंत किती आणि वारा किती, हे वेगळे काढता येत नाही. तिघांनी मिळून केलेल्या कामाचे श्रेय एकट्या वादळाला देणे ग्रामपंचायतीच्या उद्घाटनाच्या फलकावर शोभते, पुराव्यात शोभत नाही.

बरे, कॅमेरा तरी सरळमार्गी म्हणावा, तर तोही पहिल्यापासून या प्रकरणात सामील आहे. १८५० च्या दशकात फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे या छायाचित्रकाराची समुद्रचित्रे फार गाजली. त्या काळच्या काचेवर आकाश आणि पाणी एका वेळी नीट उमटत नसे. पाणी धरले तर आकाश पांढरेफटक, आकाश धरले तर पाणी काळेकुट्ट. त्याने तोड काढली: काही चित्रांत पाणी एका काचेवरचे आणि ढग दुसऱ्या काचेवरचे घेऊन दोघांचे लग्न लावून दिले. म्हणजे समुद्राच्या फोटोच्या घराण्यातला एवढा नावाजलेला पूर्वजच ढग उसने आणणारा निघाला. पुढे यंत्रे सुधारली तशी ही कला घरोघरी गेली. लांब पल्ल्याची लेन्स लावली की मागची इमारत पुढे सरकते आणि बेताची लाट सहाव्या मजल्याला हात लावते. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापुरते उघडले तर थेंब न थेंब काचेच्या मण्यासारखा गोठतो. दोन-चार सेकंद उघडे ठेवले तर तोच खवळलेला समुद्र तापत्या दुधावरच्या वाफेसारखा दिसतो. समुद्र एक, मिनिट एक, फोटो दोन. एकात प्रलय, दुसऱ्यात समाधी. त्यावर आणखी अडचण पत्त्याची. लाट कुठली, हे लाटेकडे पाहून सांगता येत नाही. त्यामुळे एकच लाट एका वर्षी अलिबागची असते, पुढच्या वर्षी पुरीची होते, आणि दर वेळी खाली 'आत्ताच मित्राने पाठवलंय' अशी ग्वाही असते. लाटेला सातबारा नसतो. तिला गट नंबर नाही, चतुःसीमा नाही, वहिवाटदार नाही. ज्या जिल्ह्यात बांधाच्या वीतभर जागेसाठी दोन-दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, तिथल्या माणसाने असल्या बेवारस कागदावर विश्वास ठेवणे नगरच्या लौकिकाला शोभत नाही.

आता वादळाकडे वळू. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर श्रीवर्धन-मुरूडच्या बाजूला जमिनीवर चढले. अशा दिवशी टीव्हीवर एक ठरलेले दृश्य असते: रेनकोट घातलेला वार्ताहर समुद्राकडे पाठ करून उभा असतो आणि 'समुद्रकिनारी कोणीही उभे राहू नये' असे समुद्रकिनारी उभा राहून सांगत असतो. वादळ आत सरकते, लाट मंदावते, उलटी झालेली छत्री सुलटी होते आणि वाहिन्यांपुरते वादळ संपते. प्रत्यक्षात त्या वेळी ते घाट चढत असते. 'निसर्ग'ही असेच जोर ओसरत ओसरत पुणे, नगर, नाशिकच्या पट्ट्यातून पुढे गेले. रायगडातल्या नारळी-पोफळीच्या बागा त्या दिवशी आडव्या झाल्या, पिढ्यांचे उत्पन्न गेले, हे कोणी नाकारणार नाही. पण ती हानीसुद्धा लाटेच्या फोटोत नाही, बागेच्या फोटोत आहे. याहून पक्का पुरावा २०१९ च्या दिवाळीच्या आसपासचा. त्या वेळी 'क्यार' आणि त्याच्या पाठोपाठ 'महा' अशी दोन चक्रीवादळे अरबी समुद्रात उठली. दोघांपैकी एकानेही महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवले नाही. क्यार हे नाव म्यानमारचे, अर्थ वाघ. हा वाघ ओमानच्या दिशेने गेला आणि समुद्रातच विरला. तरी राज्यात अवेळी पाऊस असा झाला, की काढणीला आलेले सोयाबीन आणि कणसातली बाजरी रानातच भिजली, आणि शासनाला 'क्यार व महा चक्रीवादळांमुळे' झालेल्या नुकसानीची मदत जाहीर करावी लागली. वाघ म्हटले तरी खातो आणि वाघोबा म्हटले तरी खातो, हे आपल्याला माहीत होते. न येताच खातो, हे क्यारने शिकवले. मे २०२१ च्या वादळाचे 'तौक्ते' हे नावही म्यानमारचेच, आणि त्याचा अर्थ पाल. तेव्हापासून समुद्रात काही हलले की नगरच्या कांदेवाल्याच्या मनात जी चुकचुकते, तिला अधिकृत नाव मिळाले. क्यारच्या वेळी मुंबईच्या किनाऱ्यावर कॅमेरा लावून बसलेल्याला नुसता ओला संध्याकाळचा समुद्र मिळाला असता. वादळ कोणाच्या तरी खळ्यात होते.

असे का होते, याचे शास्त्र पंगतीसारखे आहे. समुद्र हा आचारी. जून लागला की तो वाऱ्याच्या हाती वाफेच्या बादल्या भरून देतो. वारा हा वाढपी. पहिल्या पंगतीला, म्हणजे कोकणात, तो हात सैल सोडून वाढतो. पुढे सह्याद्रीची भिंत आडवी येते. ती चढताना ओली हवा थंड होते, थंड हवेला पाणी पेलवत नाही, आणि वाढपी घाटमाथ्यावर बादली पालथी करतो. अकोले तालुक्यातले घाटघर, रतनवाडी ही त्या पंगतीतली मानाची पाने. तिथे वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडला तर कोणी भुवई उंचावत नाही. घाट ओलांडला की हवा खाली उतरते, उतरताना तापते, कोरडी होते, आणि संगमनेर मागे पडेपर्यंत बादलीच्या बुडाशी पळी खडखडू लागते. नगर, पारनेर, कर्जत, पाथर्डी ही शेवटची पंगत. त्यांच्या पानात पाचशे-सहाशे मिलिमीटर पडले तर ती 'अन्नदाता सुखी भव' म्हणून उठतात. घाटघर ते नगर सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आत. तेवढ्यात आठ वाढींची एक वाढ होते. किनाऱ्यावरचा फोटो आचाऱ्याची चूल दाखवतो. कोण तृप्त झाले आणि कोण उपाशी उठले, हे पाहायचे तर पंगतीतच बसावे लागते, आणि पहिले पान व शेवटचे पान एकाच जिल्ह्यात असण्याची सोय सगळीकडे नाही. प्रवरेच्या लाभक्षेत्रात तर अरबी समुद्राची प्रकृती दलघफूमध्ये मोजतात. १९२६ साली पुरे झालेले भंडारदऱ्याचे धरण ११,०३९ दशलक्ष घनफुटांचे. जुलैत श्रीरामपूर-राहात्याचा माणूस पाऊस पडतोय का असे विचारत नाही. तो विचारतो, 'नवीन पाणी किती आलं?' शिवाय मरीन ड्राइव्हच्या लाटेच्या मालकीवरून कोणी कोर्टात गेल्याचे ऐकिवात नाही. तीच वाफ घाट चढून धरणात उतरली, की ती नगर-नाशिकची की जायकवाडीची यावर वकील उभे राहतात. ज्याच्यावर खटला चालतो, ते खरे पाणी.

यावर पहिला आक्षेप रसिकांचा असतो. हिशेब मान्य, पण फोटोत डोळे दिपवणारे काही नको का? दलघफू काय भिंतीवर टांगायचे? या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी एका इंग्रज साक्षीदाराला बोलवावे लागेल. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी दख्खनच्या माहितीची आणि आकडेवारीची जमवाजमव करत या भागात हिंडत होता. दख्खनच्या हवामानावरचा त्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने १८३५ साली छापला. त्यात हरिश्चंद्रगडाच्या कड्यावरचे एक दृश्य आहे. कोकणातून वर आलेले धुके कड्याच्या तोंडापर्यंत भिंतीसारखे उभे राहिले होते, पण पठारावर सांडत नव्हते. साइक्स कड्याच्या काठाशी, पाठीमागे कोवळा सूर्य. समोरच्या धुक्यावर पूर्ण गोल इंद्रधनुष्य उमटले, अर्धे वर, अर्धे पायांच्या पातळीखाली, आणि मधोमध त्याची स्वतःची, घोड्याची आणि बरोबरच्या माणसांची सावली. जणू रंगीत चौकटीत बसवलेले चित्र. यालाच आता आपण इंद्रवज्र म्हणतो. बरोबरच्या मंडळींना ती आकृती आपली आहे हे पटेना, म्हणून त्यांनी हातपाय हलवून, वेडीवाकडी अंगे करून खात्री करून घेतली, असेही तो लिहितो. छायाचित्रणाच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेल्या दागेरने आपली पद्धत जगापुढे आणली १८३९ साली. म्हणजे छायाचित्रण जगापुढे येण्याच्या आधीच अकोले तालुक्यात लोक आपल्याच प्रतिमेसमोर हातवारे करत होते आणि त्याला चौकट समुद्राच्या वाफेने पुरवली होती. मरीन ड्राइव्हवर पाठ करून हात लांब धरणाऱ्यांनी नवीन काही शोधून काढले, असा त्यांचा समज असेल तर तो त्यांनी सोडावा. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर वारा खालून वर येतो. टाकलेले गवत परत अंगावर येते, कड्यावरून पडणारी पाण्याची धार वरच उडते. शहाणा माणूस तिथे पालथा पडून, मान तेवढी पुढे काढून पाहतो. समुद्रकाठी तुम्ही वादळासमोर असता. इथे वादळ तुमच्या पायांखालून वर चढते.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. हवामान बदलत आहे ते समुद्रात. तर बदलाचा फोटोही समुद्राचाच हवा. पहिला अर्धा भाग बरोबर आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळे ५२ टक्क्यांनी वाढली, उलट बंगालच्या उपसागरातली थोडी घटली. कारण समुद्राचा वरचा थर तापला, आणि वादळाचे जळण तेच. पण ताप फोटोत दिसत नाही. घरात मूल तापले तर आई त्याचा फोटो काढत नाही, काखेत थर्मामीटर लावते. अंशभर तापलेला समुद्र आणि न तापलेला समुद्र, दोघांचे फोटो सारखेच निळे येतात, आणि फोनला स्वतःची अक्कल असल्यामुळे जरा जास्तच निळे येतात. ताप कुठे दिसतो? अंगावर उठलेल्या पुरळात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यभर गारपीट झाली, तेव्हा द्राक्ष-डाळिंबाच्या बागा आणि उभा गहू झोडपून निघाला. गारांचा खच पांढरा, त्याखाली पाने हिरवी, असे चित्र काश्मीर म्हणूनही खपले असते. २०२५ च्या सप्टेंबरात पाथर्डी, शेवगाव, जामखेड या एरवी टँकरचे वेळापत्रक पाठ असलेल्या भागांत पुराचे पाणी शिरले. त्या पावसाचे मूळ अरबी समुद्रात नव्हते, बंगालच्या बाजूला होते, असे कोणी म्हणेल. तेही खरे. म्हणजे नगरला एकाही समुद्राचा किनारा नाही, पण दोन्ही समुद्रांचा त्रास आहे. मामाचे घर नाही आणि दोन्ही माम्यांचे बोलणे ऐकायचे, तसे. प्रत्येक घटना बदलत्या हवामानानेच घडली असे शपथेवर सांगता येणार नाही, गारा आजोबांच्या काळातही पडत. पण बदल झालाच तर तो कुठे उमटणार, हे मात्र सांगता येते. तो कांद्याच्या चाळीत उमटेल, चौपाटीवर नाही.

तिसरा आक्षेप कलेचा. चाळीतल्या सडक्या कांद्याचा फोटो ही कला नव्हे, तो पंचनामा आहे. अगदी बरोबर, आणि हीच नगरची थोरवी आहे. समुद्राचा फोटो कोणी काढावा, असा आदेश कोणत्याही सरकारने काढलेला नाही. शेतकऱ्याला मात्र १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली, आणि लाखो माणसे एका दिवसात अधिकृत छायाचित्रकार झाली. या कलेचे नियम कोणत्याही स्पर्धेहून कडक आहेत. फोटो आपल्याच गटात उभे राहून काढायचा. फोनमधले यंत्र अक्षांश-रेखांश टिपते आणि बांधापलीकडे उभे असलात तर तुम्ही तुमच्या शेतापासून किती लांब आहात तेही सुनावते. मग तो माणूस गुडघाभर चिखलात फोन डोक्याच्या वर धरून रेंज शोधत फिरतो. रेंज येते तेव्हा ऊन स्क्रीनवर येते, ऊन हटते तेव्हा चक्र गरगरत राहते, आणि चक्र थांबते तेव्हा 'पुन्हा प्रयत्न करा' असा संदेश येतो. नुकसानीची सूचना बहात्तर तासांत देण्याची अट पीकविम्यात अनेक वर्षे होती. म्हणजे विजा थांबल्या, पाणी ओसरले, ओढ्याला उतार पडला आणि चार्जिंग झाले, की याच कलाकाराने तीन दिवसांत आपली कृती सादर करायची. परीक्षक रसिक नसतोच. त्याला चौकटीचा तोल, प्रकाशाची तिरीप यांचे काही नसते. त्याला हवे असते ठिकाण, तारीख, वेळ आणि पीक. वादळाच्या फोटोकडून याहून वेगळे काय हवे? ल ग्रेने एखादा ढग उसना आणून इथे चिकटवला असता, तर तलाठ्याने त्याला दुसऱ्या दिवशी सात वेळा हेलपाटे घालायला लावले असते.

शेवटचा आक्षेप या लेखावरच घेता येतो, आणि तो घेतलेला बरा. घाटघरला काय, मरीन ड्राइव्हला काय, फोटो काढणारा म्हणजे ज्याचे हात मोकळे आहेत असाच माणूस. ज्याच्यावर वादळ येते, त्याचे हात गुंतलेले असतात. कोळी त्या वेळी होडी ओढून वर घेत असतो, दोर आवळत असतो. अकोले तालुक्यातली बाई खाचरात वाकलेली असते. राहुरीचा कांदेवाला रात्री दोन वाजता ताडपत्रीचे एक टोक पायाखाली दाबून दुसरे टोक वाऱ्याच्या तावडीतून सोडवत असतो. त्या क्षणाचा फोटो त्यांच्यापैकी कोणीही काढलेला नाही, काढणार नाही, आणि तोच वादळाचा खरा फोटो. हे मान्य केले तरी मूळ मुद्दा ढळत नाही, उलट घट्ट होतो. कारण समुद्रकाठचा फोटो अशा क्षणाकडे पाठ करून काढावा लागतो. त्यात माणूस आला तर तो भिजणारा हौशी तरुण असतो, आणि होडी आलीच तर तिरकी, शोभेला. नगरचा फोटो निदान दुसऱ्या दिवशी तरी त्याच माणसाच्या हातून, त्याच्याच गटात निघतो. आता काही मंडळी हे वाचून कॅमेरे घेऊन भंडारदऱ्याकडे धावतील, ही भीती आहेच. जूनच्या तोंडावर काजवे पाहायला येणाऱ्यांपैकी काही जण काजव्यावर फ्लॅश मारतात. दिवा पाहण्यासाठी दिव्यावर दिवा धरणारी ही जमात एकट्या माणसातच आढळते. शनिवार-रविवारी धबधब्याच्या फोटोत पाण्यापेक्षा गाड्या जास्त येतात, आणि मक्याच्या कणसांचा ढीग दोन्हींच्या वर दिसतो.

तेव्हा ज्यांना यायचेच आहे त्यांनी यावे, पण रीत पाळून यावे. सूर्य पाठीशी ठेवावा, कड्याच्या काठाशी उभे राहू नये, पालथे पडावे. इरले पांघरून आवणी करणाऱ्याला 'जरा इकडे बघा' म्हणून हाक मारू नये. त्याला एका ओळीत रोपे लावायची असतात. भिजलेल्या कांद्याशेजारी उभे राहून अंगठा वर करू नये. आलेल्या फोटोवर गाव, तालुका, तारीख आणि वेळ लिहावी, कारण सातबाऱ्याशिवायचा कागद आपल्याकडे चालत नाही. आणि एक काम न विसरता करावे. धरणाच्या भिंतीवर बहुधा छायाचित्रणास मनाई असल्याची पाटी असते, ती मोडू नये. पण आज नवीन पाणी किती आले, एवढे तिथे कोणालाही विचारून घ्यावे आणि खाली लाभक्षेत्रातल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला फोन करून सांगावे. त्याला फोटो पाठवलात तर तो 'छान' म्हणेल. दलघफूचा आकडा सांगितलात तर तो लिहून घेईल.